गिळलेलं बोलणं

टुकू कुणाचं बोलणं जसंच्या तसं पोचवणार असली की लगेच तोंड उघडायची. बदलून सांगणार असली की आधी गिळायची. गळ्याच्या मध्यावर, आजीनं बांधलेली काळी दोरी जिथं रुळायची तिथं, कातडी एकदा वर जायची आणि खाली यायची. अर्धा सेकंद, फार तर पाऊण. सत्यशीलेनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. आता तिला सात पूर्ण झाली होती, आणि ह्या खुणेनं आईला एकदाही फसवलं नव्हतं.

मोजणं हा सत्यशीलेचा धंदाच होता. आरोग्य केंद्रात ती तापकऱ्यांच्या रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. एका काचेवरची शंभर ठिकाणं नजरेखालून घातल्याशिवाय 'दोष नाही' असं लिहायचं नाही, हा तिचा नियम. ती सावली गावच्या बौद्ध वस्तीतली, चंद्रपूरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. नोकरीला मुलचेऱ्याकडं आली आणि तिथंच निमाईशी लग्न करून बसली. निमाई मलेरियाचा माणूस. घरोघर फिरून बोटं टोचायचा आणि काचा आणून द्यायचा. काचेच्या कडेला तो रोग्याचं नाव इतक्या नेटक्या अक्षरात लिहायचा की सत्यशीलेचा जीव आधी त्या अक्षरावर जडला, मग हातावर.

निमाई बंगाली कॅम्पातला. त्याची माणसं सीमेपलीकडून आलेली, छावण्यांतून फिरत फिरत शेवटी ह्या जंगलात आणून सोडलेली. जंगल तोडून त्यांनी धान पिकवलं, बांबूच्या भिंतींची घरं उभी केली. पण कॅम्पात जन्मलेलं पोरसुद्धा 'आपला देश' म्हणालं की त्याचा हात पूर्वेकडं जायचा. इथली माणसं त्यांना परकी आणि इथल्या माणसांना ते परके. निमाईनं मराठी मुलगी आणली तेव्हा त्याच्या थोरल्या भावानं, गौरांगनं, काठीनं त्याच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण गौरांगनं आवाज चढवला की निमाईचा तो खांदा आजही आपोआप वर यायचा.

अशा घरात टुकू वाढली. ठाकुमाशी, म्हणजे आजीशी, आणि जेठूशी, म्हणजे थोरल्या काकाशी, बंगाली. आईशी आणि शाळेत झाडी मराठी. ढोरं चारणाऱ्या सोमारीशी गोंडी. निमाई दिवसभर फिरतीवर आणि आईला बंगाली येत नाही, म्हणून घरातलं सगळं बोलणं पोरीच्या तोंडून आईपर्यंत यायचं.

"सांग तुझ्या आईला," ठाकुमा बंगालीत म्हणायची, "दिवसभर लोकांचं रक्त चिवडणारे हात माझ्या भाताच्या हंडीला लागता कामा नयेत."

टुकू गिळायची. "आई, ठाकुमा म्हणते, तू थकून आली असशीन. भात थेच मांडते."

"मांडू दे माय," सत्यशीला म्हणायची.

तिला दोन्ही वाक्यं कळलेली असायची.

सगळं कळत होतं तिला. लग्नानंतर अकराव्या महिन्यात एका सकाळी तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडं चाललेलं भांडण आपण नुसतं ऐकत नाही, समजून घेतोय. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण लग्न होऊन आली त्या पहिल्याच दिवशी चार बायांनी तिच्या जातीवरून, अंगावरून काहीतरी बोलून हसून घेतलं होतं. तेव्हा ती खरंच कोऱ्या चेहऱ्यानं बसली होती, आणि तो कोरा चेहरा तिला पुढं फार कामी आला. जिला कळत नाही तिच्याशी कोण भांडणार? गौरांग तिला बऊमा, म्हणजे सूनबाई, म्हणायचा आणि सगळ्यांसमोर हसायचा, "बी.एस्सी.वाली बऊमा! काचेतले जंतू दिसतात, कानावर पडलेली भाषा शिरत नाही." ती वरण ढवळत राहायची. निमाईलाही तिनं सांगितलं नाही. टुकू बोलू लागली की सांगू, मग शाळेत गेली की सांगू, मग ह्या दुर्गापूजेनंतर. अशी आठ वर्षं गेली. तिनं न उचललेलं ओझं पोरीच्या डोक्यावर गेलंय हे तिला दिसत होतं. तरी पोरगी ते इतक्या तोलानं वाहत होती की आईला, खरं सांगायचं तर, अभिमानच वाटायचा.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं आणि तलावाचं प्रकरण पेटलं. तलाव कॅम्प आणि गाव यांच्या मध्ये. मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या ढिवरांची. पण दोन वर्षांपूर्वी कॅम्पवाल्यांनी त्यात मासळीचं बी आणून सोडलं. मासे हातभर झाले आणि ते कुणाचे, हा प्रश्न उभा राहिला. दिवाळीपासून दर रविवारी दोन्ही बाजूंची माणसं तलावाच्या पाळीवर बसू लागली. गावाकडून लहानू, कॅम्पाकडून गौरांग.

गौरांगला बाजारापुरती, भाव आणि आकडे एवढीच, मराठी यायची, कॅम्पातल्या बाकीच्यांनाही तेवढीच. पण हक्काची गोष्ट निघाली की तो बंगालीशिवाय शब्द काढत नसे. तो दहा वर्षांचा असताना एका छावणीत त्याच्या बापानं, न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर, हो हो म्हणत अंगठा उठवला होता. नदीकाठची जमीन मिळणार म्हणून ट्रकात बसलेली माणसं मग भलतीकडंच उतरवली गेली. तेव्हापासून त्याचा नियम: बोलायचं आपल्या भाषेत, पोचवायचं दुसऱ्यानं. पोचवायला त्यानं टुकूला निवडलं. लेकरू मध्ये असलं की कुणाचा हात उठत नाही, असा त्याचा हिशेब. लहानूलाही तो पटला. पाळीवर पाणी सोडायच्या दाराजवळ एक चौकोनी दगड होता, त्यावर टुकूला उभं करायचं. एका बाजूला कॅम्प, एका बाजूला गाव. सत्यशीला मागं, बाभळीला टेकून, उभी असायची. निमाईला दोन्ही बोल्या कळायच्या, पण भावासमोर तो तोंड उघडत नसे.

"सांग तुह्या जेठूले," लहानू म्हणायचा, "बी सोडल्यानं तलाव बापाचा होत नाई. आमचे आजे इथी जाळे टाकून मेले. पोटापुरतं खाजा म्हणा, अना गप राहाजा."

टुकू गिळायची. बंगालीत सांगायची, "लहानूमामा म्हणतात, बी सोडलंत ते चांगलंच केलंत. पण त्यांचे आजोबाही इथंच जाळं टाकायचे."

"सांग त्या बेडकाला," गौरांग गुरगुरायचा, "माझा मासा गिळलास तर पोट फाडून परत काढीन."

टुकू गिळायची. "जेठू म्हणते, दोघायनं मिळून काढू."

लहानू डोकं खाजवायचा. "मानूस तं वंगाळ दिसते, पन बोलते सुधं!" आणि पोरीच्या ओच्यात मूठभर शिंगाडे टाकायचा.

असे तीन महिने. दोन्ही बाजू निम्म्या-निम्म्या वाट्यावर आल्या होत्या. सात वर्षांची पोर दोन गावांमधला जाळ एकटी गिळत होती, आणि तिची आई बाभळीखाली उभी राहून मोजत होती: आज चार वेळा, आज सहा वेळा.

फेब्रुवारीतल्या रविवारी पोचू आला. लहानूचा चुलतभाऊ, चाळिशीचा गडी, दहा वर्षं बल्लारपूरला एका बंगाल्याच्या हॉटेलात मिठाई तळून परत आलेला. तलावाचं पाणी उतरलं होतं; कडेनं हातभर रुंद चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. पोचू पाळीवर बसून बिडी ओढत होता. टुकूनं गौरांगचं एक वाक्य पोचवलं आणि पोचूला ठसका लागला.

"अरे थांबा!" तो हसत उठला. "हे पोट्टी तं तिसरंच सांगून राह्यली! लहानूभाऊ, थो काय म्हनला मालूम हाये का? तुमची बायको चिखलात लोळनारी डुकरीन हाये म्हने!"

सत्यशीलेचं एक पाऊल पुढं पडलं. तेव्हा बोलली असती तर! पण आठ वर्षांची सवय जिभेवर बसली होती. पाऊल तिथंच थांबलं.

पोचूला आता चेव आला. तो गौरांगकडं वळला आणि तळणीवरच्या बंगालीत, मोडून-तोडून पण नीट कळेल असं, लहानूनं आजच्या बैठकीत काय काय म्हटलं ते फेकू लागला. मग गावच्या बाकीच्यांनी मागच्या रविवारची, त्याच्या मागच्या रविवारची वाक्यं ओरडून सांगितली आणि पोचूनं तीही बंगालीत ओतली. पोरीनं तीन महिने गिळलेलं सगळं पाच मिनिटांत पाळीवर ओकलं गेलं.

गौरांगनं लहानूला काही केलं नाही. तो आधी टुकूकडं वळला. उलट्या हाताची थप्पड अशी बसली की पोरगी दगडावरून उडून पाळीच्या खडीवर तोंडावर पडली. खालचा ओठ दातांत सापडून फाटला. ती रडली नाही. लहानू "अरे, लेकरू हाये थे!" म्हणत वाकला आणि तिला उचलायला त्यानं उजवा हात पुढं केला.

"ह्याचा हातच तोडतो," गौरांग बंगालीत म्हणाला. ओरडला नाही, शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाला. "म्हणजे जाळं ओढायचा प्रश्नच मिटला."

कमरेचा दाव, बांबू तोडायचा वाकडा कोयता, त्यानं एकदाच चालवला. पातं तळहाताच्या बाहेरच्या कडेनं आत शिरलं आणि मध्यावर अडलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिखलात पडलं. क्षणभर जखम पांढरी दिसली. मग भरली.

त्यानंतर दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर तुटून पडली. डोंग्यातली वल्ही निघाली, काठ्या निघाल्या. एका म्हाताऱ्याला कुणीतरी जाळ्यात गुंडाळून तुडवत होतं. कुणाचा जबडा फुटल्याचा आवाज सत्यशीलेला वाळकी फांदी मोडावी तसा ऐकू आला. पोचू गौरांगच्या मानेवर बसला होता, अंगठे त्याच्या डोळ्यांत खुपसत होता. निमाई मागून आला. त्याच्या हातात वल्हं होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि पोचूच्या टाळूवर आणलं. एकदा, आणि पोचू पडल्यावर अजून एकदा.

सत्यशीलेनं पोरीला ओढून बाभळीमागं टाकलं आणि लहानूकडं धावली. रक्त तिनं नेहमी थेंबानं पाहिलेलं. हे ओंजळीनं येत होतं, तिच्या कोपरांपर्यंत. जाळ्याची दोरी तोडून तिनं त्याच्या दंडाला आवळली, काडी घालून पिळली, मनात आकडे मोजत राहिली. चाळीसला धार मंदावली. चिखलातली दोन बोटं उचलून तिनं पदराच्या टोकाला बांधली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

लहानू आणि पोचूला ट्रॅक्टरवर घालून गडचिरोलीला नेलं. लहानूचा पंजा कायमचा गेला. पोचू जिवंत होता, पण डोळे उघडत नव्हता, बोलत नव्हता. त्याच संध्याकाळी गावच्या लोकांनी कॅम्पाच्या तणसाच्या गंज्या पेटवल्या. सकाळी कॅम्पवाल्यांनी ढिवरांचे तीन डोंगे कुऱ्हाडीनं फोडले.

तिसऱ्या दिवशी लहानूची बायको गोकुळा आरोग्य केंद्रात आली. दारातच उभी राहिली.

"बाई, तुमी तं दर आठवड्याले तिथीच उभ्या राहत होत्या. तुमाले काईतरी समजलं असंन. मारायच्या आंधी थो काय बोलला? कॅम्पवाले म्हनते, आमच्या मानसानं पोरीले ओढलं, म्हनून मारलं. थे खरं हाये का?"

"मले बंगाली येत नाई, गोकुळाबाई," सत्यशीला म्हणाली.

गोकुळा उंबऱ्यावरून मागं सरली. "तुमीच थ्याचा हात बांधला म्हनून जिता हाये. नाईतं तुमाले अजून बोलली असती."

ती गेल्यावर सत्यशीलेनं एक काच तपासायला घेतली. शंभर ठिकाणं पाहून झाली आणि आपण एकही पाहिलं नाही हे तिच्या लक्षात आलं.

दुपारी घरी आली तर मधल्या खोलीचं दार लावलेलं. आतून गौरांगचा आवाज. भिंत बांबूची, अक्षर अन्‌ अक्षर ऐकू येत होतं.

"पोलीस विचारेल. काय सांगशील?"

"लहानूमामानं हात पुढं केला."

सपकन आवाज झाला. मासे अडवायच्या पिंजऱ्याची कामटी.

"हात पुढं केला नाही. केस धरून ओढलं. म्हण."

"केस धरून ओढलं."

"मग जेठू काय म्हणाला?"

"जेठू म्हणाला... हातच तोडतो."

सपकन. सपकन. "जेठू म्हणाला, सोड माझ्या लेकीला. म्हण. आई, तिचे पाय धर." आणि ठाकुमाच्या बांगड्या वाजल्या.

निमाई ओट्यावर बसून नख कुरतडत होता. सत्यशीलेनं त्याला मराठीत विचारलं, "काय चालू हाये आतमंदी?"

त्याचा खांदा वर आला. "दादा कविता पाठ करून घेऊन राह्यला. शाळेत म्हणाची हाये तिले."

किती सोपं होतं तिच्याशी खोटं बोलणं. ती सोय तिनंच तर करून दिली होती. आठ वर्षं घासूनपुसून ठेवली होती. ती दाराला हात लावायला गेली तर निमाईनं तिचं मनगट धरलं. "नोको जाऊ. त्याच्या हातात काय हाये मालूम हाये नं तुले? आपण दोघं मरू."

पोरगी बाहेर आली तेव्हा टाचा टेकत नव्हती. सत्यशीलेनं तिचे तळवे मांडीवर घेतले. सात वळ डाव्यावर, नऊ उजव्यावर. दोन फुटलेले.

"काय शिकवते वो जेठू?"

टुकूचा गळा वर गेला, खाली आला. "कविता."

"कवितेले तळपायाले मारते का माय?"

"मले आठवत नाई नं," टुकू म्हणाली. मग फाटका ओठ जपत हसली, आईला बरं वाटावं म्हणून. "सोपी हाये. होऊन जाईन पाठ."

पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यातले दादाजी जमादार चौकशीला आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. अंगणात एका बाजूला कॅम्प, दुसऱ्या बाजूला गाव, मध्ये दोन शिपाई. पोचू अजून शुद्धीवर नव्हता. निमाई तर भांडणातलाच. दोन्ही बोल्या समजणारं तोंड त्याच्याशिवाय आता एकच उरलं होतं, आणि दोन्ही बाजूंना तेच हवं होतं. टुकूला स्टुलावर बसवलं. पाय लोंबत होते. मोजे घातलेले होते, एवढ्या उन्हात. गौरांग तिच्या डाव्या हाताला उभा राहिला, घरचा माणूस म्हणून. त्याच्यामागं ठाकुमा आणि निमाई. सत्यशीला नेहमीसारखी मागं, खांबाला टेकून.

"हां बाई, भेऊ नोको," जमादार म्हणाले. "लहानूनं तुले ओढलं का?"

गौरांगनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि लाडात येऊन, गोड आवाजात, बंगालीत म्हणाला, "बोल सोना. नाही बोललीस तर आज तुझ्या आईची बोटं मोजून ठेव. उद्या कमी भरतील. तिला तर कळणारही नाही मी आत्ता काय म्हणालो ते."

"काय म्हनते हा?" जमादारांनी पेन उचलून टुकूलाच विचारलं. "सांग मले."

टुकूनं आईकडं पाहिलं. गळा वर गेला. सत्यशीला खाली यायची वाट पाहू लागली. अर्धा सेकंद. पाऊण. एक. दोन. तीन. गळा वरच अडकून राहिला. पोरीचा चेहरा लाल झाला, डोळ्यांच्या कडा भरल्या, ओठावरची खपली उकलून हनुवटीवर रक्ताचा एक थेंब आला. आता गिळायला तिच्यात जागा उरली नव्हती.

सत्यशीलेनं निमाईकडं पाहिलं. त्याच्या नेटक्या अक्षराच्या हातांकडं. ते वल्हं दोनदा खाली आलं होतं, एकदा नव्हे. हे बोललं की ते हात गजाआड जाणार. घर जाणार. मग ती खांबापासून निघाली, टेबलापर्यंत आली, आणि स्टुलावरून पोरीला उचलून तिनं कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, जड होती.

"उतर इथून, टुकू," ती म्हणाली. बंगालीत. "आता तू कुणाचंच सांगायचं नाही."

ठाकुमाच्या हातातली जपमाळ थांबली. निमाईनं मान वर केली आणि बायकोकडं असं पाहिलं, जणू ती घरात आत्ताच आली.

"दादा, मला सगळं कळतं," ती बंगालीतच गौरांगला म्हणाली. "पहिल्या वर्षापासून. बोटं मोजायचंसुद्धा कळलं."

मग ती जमादारांकडं वळली. एकही शब्द गिळला गेला नाही.

"लिवा साहेब. पोरीले काई इचारू नोका, मले इचारा. मले बंगाली येते. लहानूभाऊ पोरीले उचलाले वाकला होता. पयला वार यायनं केला, सांगून केला, काय सांगून केला थे मी सांगीन. अना पोचूच्या डोक्यावर दोनदा वल्हं माह्या नवऱ्यानं मारलं. थे बी लिवा."